दप्तराची हजेरी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दोन महिने काहीच लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारलं, आणि नागपूरच्या वहिनींनी तर थेट फोन करून "तब्येत बरी आहे ना?" अशी चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. डोकं मात्र गरम आहे, आणि ते का ते आज सांगायचं आहे. घरातल्या कोणाला वाचून राग आला तर खुशाल यावा. विशेषतः चिरंजीवांना.

आधी एक जुनी गोष्ट. १९७८ साल असेल. नोकरीला लागून चारपाच वर्षं झाली होती आणि माझ्याकडे आठवी ब होती. मधली सुट्टी संपली की पुन्हा हजेरी घ्यायचा नियम होता. एके दिवशी मला घाई होती, धडा संपवायचा होता. मी वर्गावर नजर फिरवली, प्रत्येक बाकावर दप्तरं दिसली, दोनचार जागा रिकाम्या वाटल्या त्या पाणी प्यायला गेले असतील म्हणून सोडल्या आणि सगळ्यांना हजर लावून मोकळी झाले. तासाभराने निरोप आला की शाळेमागच्या चिंचेवरून एक पोरगा पडला, हात मोडला. हजेरीपटावर तो त्या वेळी वर्गात होता! हेडमास्तरांनी आरडाओरडा केला नाही. हजेरीपट माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही मुलांची हजेरी घेता की दप्तरांची?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी नाव पुकारल्याशिवाय आणि "हजर" ऐकल्याशिवाय रेघ मारली नाही. आज हे आठवायचं कारण म्हणजे माझ्याच घरात गेलं वर्षभर दप्तरांची हजेरी चालू होती, आणि ती घेणारा माझाच मुलगा.

झालं असं. आमची जागा पुण्यात, तळमजल्यावर. गेल्या वर्षी पलीकडच्या सोसायटीत भरदिवसा चोरी झाली. चिरंजीव हिंजवडीला कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, मुख्य दाराला उघडझाप ओळखणारा सेन्सर लावला, हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारे डोळे बसवले, बाहेर एक भोंगा टांगला. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. उलट मी नातवाबरोबर स्टुलावर चढून सेन्सर चिकटवायला मदत केली. (सूनबाईंनी बघितलं आणि खाली उतरवलं, तो भाग वेगळा.)

गडबड झाली ती पुढच्या पायरीला. अलार्म चालू-बंद कोणी करायचा? रोज बटण दाबायला आपण विसरतो, म्हणून हे काम फोनवर सोपवायचं ठरलं. घराभोवती नकाशावर एक गोल आखला. माझा, मुलाचा आणि सूनबाईंचा असे तिन्ही फोन गोलाबाहेर गेले की घर रिकामं समजायचं आणि अलार्म चालू करायचा. एक जरी फोन गोलात आला की मालक आले समजून बंद करायचा. रात्री झोपताना तेवढा हाताने चालू करायचा. किती छान, किती सोपं! पाहुण्यांना दाखवायलाही बरं.

मार्चमधली गोष्ट. मी सकाळी साडेनऊला कुरडया घालायला गच्चीवर गेले, चार मजले वर. फोन खाली चार्जिंगला होता, कारण चिकाच्या हातांनी मी फोन धरत नाही. दहा वाजता आमच्या मावशी किल्लीने दार उघडून आत आल्या. नातू त्यांना मावशी म्हणतो म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. अकरा वर्षं येताहेत. त्या केर काढत असताना पावणेअकराच्या सुमारास भोंगा वाजला. मला वर ऐकू आला तो ॲम्ब्युलन्ससारखा, रस्त्यावरचा असेल म्हणून मी पुढची कुरडई घातली. शेवटी खालच्या मजल्यावरचा मुलगा धावत बोलवायला आला.

मी खाली पोचले तेव्हा दारात सातआठ माणसं जमली होती. वॉचमन काठी घेऊन उंबऱ्यात उभा. आणि आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंनी मावशींना पिशवी उघडून दाखवायला लावली होती. पिशवीत भाकरीचा डबा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलीच्या फीची पावती. तीन चिजा, हॉलच्या फरशीवर मांडलेल्या.

मावशी काही बोलल्या नाहीत. केर पूर्ण काढला, भांडी घासली आणि गेल्या. पुढे पाच दिवस आल्या नाहीत. सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "बाई, किल्ली तुम्हीच ठेवा. किल्ली नसली म्हंजे कोन विचारनार नाही."

संध्याकाळी चिरंजीवांना सांगितलं. पहिलं वाक्य काय आलं माहीत आहे? "आई, तू फोन जवळ ठेवत जा ना."

माझं भांडण या वाक्याशी आहे. अलार्म माझ्या फोनचा ताबेदार, आता मी अलार्मची ताबेदार! आणि मुळात फोन होता की घरातच, चार्जिंगला. तो कुठे गेला नव्हता, मीही सोसायटीच्या बाहेर गेले नव्हते. मग घर रिकामं आहे हे ठरवलं कोणी?

त्या रात्री मुलाने लॅपटॉप उघडला आणि मी खुर्ची ओढून शेजारी बसले. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, चूक कुठे लपते त्याची नजर तयार झालेली असते. नोंदवहीत सरळ लिहिलं होतं: १०.३८ला माझा फोन 'बाहेर'. बाकी दोघांचे फोन सकाळपासून बाहेरच होते. तीन झाले, अलार्म चालू. मग मी म्हटलं, जरा मागे जा. मागे गेलो तर भलतंच सापडलं. फेब्रुवारीतल्या चार वेगवेगळ्या रात्री, मुलाचा फोन उशाशी असताना, तो 'बाहेर' गेल्याची नोंद. एका रात्री २.१४ला बाहेर, २.२१ला घरी. आणि 'घरी' आल्याबरोबर नियमाप्रमाणे मालकांचं स्वागत म्हणून अलार्म बंद! पहाटेपर्यंत बंद. चार रात्री आम्ही सगळे निर्धास्त झोपलो होतो आणि पहारेकऱ्याला आपल्याच हाताने सुट्टी दिली होती.

भोंगा चुकून वाजला तर निदान कळतं तरी. चुकून बंद झाला तर कळतच नाही. मार्चमधली फजिती झाली नसती तर ही दुसरी चूक आम्हाला कधी दिसली असती कोण जाणे.

आता फोन असं का करतो? मी मुलाला पिडून पिडून समजून घेतलं, आणि जे समजलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी तिघांच्या मुलांनी हेच घरी बसवलं आहे हे मला माहीत आहे. उघड्या आकाशाखाली फोन उपग्रहांचं ऐकतो आणि त्याची चूक साधारण पाच मीटरची असते. घरात, स्लॅबखाली, उपग्रह नीट ऐकू येत नाहीत. मग तो आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो, आणि तेही हाती नसेल तर मोबाईलच्या टॉवरवरून. टॉवरचा अंदाज शेकडो मीटरनी चुकतो, कधी त्याहून जास्त. पण फोन हे लपवत नाही हो! प्रत्येक जागेबरोबर तो आपली चूक किती असू शकेल तेही मीटरमध्ये कळवतो. त्या रात्रीच्या नोंदीत 'अचूकता १४०० मीटर' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे फोन बिचारा सांगत होता, "मी या ठिपक्यापासून दीडएक किलोमीटरच्या आत कुठेतरी आहे, नक्की माहीत नाही." आमच्या नियमाने त्यातला फक्त ठिपका वाचला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. मुलाने उत्तरपत्रिकेत "बहुधा" लिहिलं तर आपण अर्धा मार्क कापतो, आणि इथे "बहुधा"वर घराचं दार!

शिवाय फोनला बॅटरी वाचवायची असते. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, मागे चालणाऱ्या ॲपला जागा कळते ती तासातून मोजक्या वेळाच. गोल ओलांडल्याची सूचना एरवी दोनेक मिनिटांत येते, पण फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो, असं गूगलच्याच मार्गदर्शनात आहे. फोनचं वायफाय बंद असेल तर ती सूचना कदाचित येणारच नाही. आमच्या सूनबाई बॅटरी वाचावी म्हणून घराबाहेर पडताना वायफाय बंद करतात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आयफोनही रेघ ओलांडल्या ओलांडल्या ओरडत नाही, थोडं पुढे जाऊन वीसेक सेकंद तिथे टिकलात तर मानतो. त्यावर कंपन्यांच्या आपापल्या बॅटरी-बचतीच्या युक्त्या, त्या तर ॲपला झोपवूनच टाकतात. ॲपला जागा 'नेहमी' पाहायची परवानगी हवी, 'वापरताना'ची चालत नाही. २०२०पासून आयफोनमध्ये 'अचूक स्थान' नावाचं वेगळं बटण आलं आहे, ते बंद असेल तर तुम्ही कोथरुडात की कर्वेनगरात एवढंही धड कळणार नाही. आणि सगळ्यात गमतीचं हे ऐका. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड अकरापासून, एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन आपणहून त्याची परवानगी काढून घेतो. या ॲपची मोठी खुबी काय सांगतात? की ते कधी उघडावंच लागत नाही!

इथे माझा अमेरिकेतला भाचा मध्ये पडला. "आत्या, गोल लहान करा, चूक कमी होईल." मुलाने आधीच लहान केला होता, चाळीस मीटरचा. हे म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून अक्षर बारीक काढण्यासारखं आहे. पाहणाऱ्याची नजर शंभर मीटरची असेल तर चाळीस मीटरच्या रेघेच्या आत की बाहेर हे तो सांगणार कसं? गूगलच्या मार्गदर्शनात किमान १०० ते १५० मीटर त्रिज्या घ्या असं म्हटलं आहे. बरं, आम्ही दीडशे केली. आता त्या गोलात काय काय आलं पाहा. किराणावाला, इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड आणि कोपऱ्यावरची भाजीवाली. म्हणजे मी भाजीवालीपाशी कोथिंबिरीची जुडी निवडत उभी असताना माझ्या घराचा अलार्म बंद झालेला असतो. तिथे कोणी ओळखीचं भेटलं (आणि भेटतंच) तर अर्धा तास घर उघडं. ही बिघाडाची गोष्ट नव्हे, सगळं ठरल्याप्रमाणे चालल्यावरची आहे! लहान गोल चुकतो आणि मोठा गोल फार लवकर विश्वास टाकतो. आणि माझी पर्स कोणी पळवली तर? फोन आत, किल्ली आत, पत्ता आधार कार्डावर. चोर गोलात शिरला की घर त्याचं स्वागत करणार.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे तेवढं सांगते, नाहीतर मुलगा म्हणेल आई एकतर्फी लिहिते. माणूस अलार्म लावायला विसरतो. मीही विसरते, गॅस तीनदा बघून कुलूप लावायला विसरणारी बाई आहे मी. न लावलेला अलार्म हा नसल्यासारखाच, आणि फोन कंटाळत नाही, विसरत नाही. म्हणून अलार्म चालू करायला फोनने मदत करावी, माझी ना नाही. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर नको.

आणि एकट्याच्या शब्दावर जायची गरजच काय होती? दाराला सेन्सर आहे ना? मी मुलाला विचारलं, "तिन्ही फोन बाहेर गेले म्हणतात, पण त्या आधीच्या पंधरा मिनिटांत दार उघडलंच नाही. मग माणूस गेला कुठून, खिडकीतून?" तो माझ्याकडे बघतच राहिला. इतके महिने दारावरचा साक्षीदार तिथेच चिकटवलेला होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. हॉलमधला डोळा तर मावशींना केर काढताना बघत होता! त्या डोळ्याला एवढंच ठाऊक की अलार्म चालू असताना हालचाल दिसली की बोंबलायचं. चालू व्हायच्या आधी दोन मिनिटं जी हालचाल दिसत होती, तिच्यावरून "घरात कोणीतरी आहे, थांबा" असं म्हणायची त्याला मुभा नव्हती.

बंद करायचं काम मात्र फोनकडे अजिबात नको. इथे मी हट्टाला पेटले आणि घरात तीन दिवस शीतयुद्ध झालं. चालू करणं आणि बंद करणं ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखी दिसतात, पण तशी ती नाहीत. शाळेत घंटा झाली की शिपाई फाटक लावून घ्यायचा, त्याला कोणाची परवानगी लागत नसे. पण मधल्या वेळात मूल न्यायला कोणी आलं तर? ओळखीची रिक्षा दिसली म्हणून मूल सोडायचं नाही, आत बसलेला माणूस बघायचा, नाव विचारायचं, मगच सोडायचं. रिक्षा ओळखीची आहे एवढ्यावर आमच्या शिपाईमामांनी एकही मूल सोडलं नाही.

"पण हातात पिशव्या असतात गं आई." पिशव्या खाली ठेव. नाहीतरी कुलूप उघडायला ठेवतोसच.

'भोंगा वाजला तर वाजला, थोडी गैरसोय' असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिकेत हे अलार्म कितीतरी वर्षांपासून घरोघरी आहेत आणि तिथे पोलिसांकडे जाणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर डिसेंबर २०००पासून नियमच केला की आधी कोणीतरी माणसाने डोळ्यांनी बघून खात्री करावी, नुसत्या अलार्मवर आम्ही येणार नाही. त्यांच्याकडे निदान पोलीस येतात आणि जातात. आपल्याकडे सोसायटी जमते. सोसायटीला भोंगा म्हणजे चोर, आणि चोर म्हणजे घरात जी परकी बाई दिसेल ती. भाच्याच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात म्हणे. मावशींच्या भाषेत काय म्हणतात ते मी त्यांच्या घरी ऐकून आले आहे.

आणि मुद्दाम सांगते, मावशींकडेही फोन आहे, चांगला टचस्क्रीनचा. पण तो 'घरातल्या माणसांच्या' यादीत नव्हता. यादीत तीनच नावं होती, माझं नाव धरून. नातू रोज साडेतीनला शाळेतून येतो, त्याला फोन नाही, म्हणून तोही यादीत नव्हता! रोज तो येतो तेव्हा मी घरी असते म्हणून निभावलं. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही त्याने कितीही मोठ्याने "हजर" म्हटलं तरी उपयोग काय? मुलाने भाबडेपणाने विचारलं, "मग मावशींचाही फोन यादीत घालू का?" म्हटलं, नको. त्या सुट्टीच्या दिवशी कुठे जातात हे आपल्या कॉम्प्युटरला कळायचं काही कारण नाही.

शेवटी तह झाला. दाराच्या आत आकड्यांची छोटी पाटी बसवली. आत आलं की चाळीस सेकंदांत आपला आकडा दाबायचा, तरच अलार्म बंद. प्रत्येकाचा आकडा वेगळा. फोनला आता एवढाच अधिकार आहे: तिन्ही फोन सलग दहा मिनिटं बाहेर असतील, त्यांची अचूकता शंभर मीटरच्या आत असेल, बाहेर पडण्याच्या सुमाराला दार उघडून मिटलं असेल आणि आत पंधरा मिनिटं काही हललं नसेल, तर अलार्म चालू. यातली एक जरी गोष्ट जुळली नाही तर नुसता निरोप येतो, "घर रिकामं आहे का? अलार्म लावू का?" आणि माणसाने हो म्हणायचं. रात्री लावलेला अलार्म सकाळी पाटीवरच बंद होतो, फोन रात्रभर कुठेही भटकू दे. मे महिन्यात नोंदवही पुन्हा उघडून बघितली, मुलाचा फोन रात्री सहा वेळा बाहेर फिरून आला होता. अलार्म जागचा हलला नाही.

मावशी परत आल्या. किल्ली घ्यायला अजून तयार नव्हत्या, पण मी त्यांना पाटीपुढे उभं केलं आणि म्हटलं, तुमचा आकडा तुम्ही ठरवा, आम्हाला सांगू नका. मी तोंड फिरवून उभी राहिले. चार वेळा टुक टुक झालं. मग त्यांनीच विचारलं, "आता वाजनार नाही ना?" मुलगा हिशेबी उत्तर द्यायला लागला, की शक्यता फारच कमी आहे वगैरे. मी त्याला गप्प केलं आणि सांगितलं की वाजलाच तर मी कुरडया टाकून खाली येईन.

पिशवी उघडायला लावणाऱ्या बाई लिफ्टपाशी भेटल्या. त्यांच्याही मुलाने हीच फोनची सोय बसवायला घेतली आहे म्हणे. त्यांना हे सगळं छापून नेऊन देणार आहे, मावशींच्या पिशवीचा परिच्छेद न वगळता.